रेणूंची गती

रेणूंची गती म्हणजे पदार्थाच्या घटक कणांची, म्हणजेच रेणूंची, अणूंची किंवा आयनांची, अखंड चालणारी सूक्ष्म हालचाल होय. ही हालचाल उष्णतेशी निगडित असल्यामुळे तिला औष्णिक गती असेही म्हणतात. स्थायू, द्रव आणि वायू या तिन्ही परिचित अवस्थांमध्ये रेणू गतिमान असतात; अवस्थेनुसार बदलतो तो गतीचा प्रकार. स्थायूमध्ये रेणू आपापल्या ठरावीक जागेभोवती कंप पावतात. द्रवामध्ये ते एकमेकांना लगटून राहतात, पण सतत जागा बदलतात. वायूमध्ये ते मोकळेपणाने सरळ रेषेत धावतात आणि एकमेकांवर किंवा पात्राच्या भिंतींवर आदळून दिशा बदलतात.

पदार्थ कोणत्या अवस्थेत राहील हे दोन परस्परविरोधी प्रवृत्तींवर अवलंबून असते. रेणूंमधील आकर्षण त्यांना एकत्र बांधू पाहते, तर औष्णिक गती त्यांना विखरू पाहते. आकर्षण वरचढ ठरल्यास स्थायू, गती वरचढ ठरल्यास वायू आणि दोन्ही तुल्यबळ असताना द्रव अवस्था आढळते. वितळणे, उकळणे, सुकणे, विरघळणे, वास पसरणे, वायूचा दाब यांसारख्या अनेक घटनांचे स्पष्टीकरण या एकाच कल्पनेतून मिळते. या स्पष्टीकरणास द्रव्याचा गत्यात्मक सिद्धांत असे म्हणतात.

मूलभूत संकल्पना

रेणूंचे आकारमान व संख्या

पाण्याच्या एका रेणूचा व्यास सुमारे ०.२८ नॅनोमीटर असतो (१ नॅनोमीटर म्हणजे १ मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे चहाच्या चार चमच्यांहूनही कमी पाण्यात, सुमारे ६०२ कोटी कोटी कोटी रेणू असतात. इतक्या प्रचंड संख्येमुळे एकेका रेणूच्या मार्गाचा मागोवा घेणे अशक्य असते. म्हणून रेणूंच्या गतीचा अभ्यास सरासरी व संभाव्यता यांच्या आधारे केला जातो.

गतीचे प्रकार

रेणूच्या गतीचे तीन प्रकार मानले जातात.

१. स्थानांतरणीय गती: संपूर्ण रेणू एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो.
२. घूर्णन गती: रेणू स्वतःभोवती फिरतो.
३. कंपन गती: रेणू आपल्या जागेभोवती मागेपुढे हलतो, किंवा रेणूतील अणू एकमेकांच्या सापेक्ष हलतात.

वायूमध्ये हे तिन्ही प्रकार मुक्तपणे आढळतात. द्रवामध्ये तिन्ही असतात, परंतु शेजारच्या रेणूंमुळे त्यांना अडथळा होतो. स्थायूमध्ये मुख्यतः कंपन गती असते.

गती व तापमान

पदार्थाचे तापमान हे त्याच्या रेणूंच्या सरासरी स्थानांतरणीय गतिज ऊर्जेचे माप आहे. तापमान वाढले की ही ऊर्जा वाढते. येथे केल्विन मापश्रेणी वापरावी लागते. तिचा आरंभ उणे २७३.१५° से. या तापमानापासून होतो व त्यास केवल शून्य असे म्हणतात.

यातून निघणारा एक निष्कर्ष प्रथमदर्शनी अनपेक्षित वाटतो. तापमान समान असेल तर अवस्था कोणतीही असो, रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा समान असते. अभिजात यामिकीनुसार ०° से. तापमानाचे बर्फ, ०° से. तापमानाचे पाणी आणि त्याच तापमानाची पाण्याची वाफ या तिन्हींमध्ये रेणूंचा वेग सारखाच, म्हणजे सेकंदाला सुमारे ६१५ मीटर भरतो. (प्रत्यक्षात पुंजयामिकीय परिणामांमुळे, विशेषतः बर्फात, यात काहीसा फरक पडतो.) बर्फातील रेणू मंद असल्यामुळे बर्फ घट्ट असते असे नाही. तेथील रेणू त्याच वेगाने, परंतु अत्यंत अरुंद जागेत मागेपुढे होत असतो. अवस्थांमधील खरा फरक रेणूला मिळणाऱ्या मोकळिकीचा आहे.

स्थायू अवस्था

स्थायूमध्ये रेणू एकमेकांच्या निकट असतात व त्यांच्यातील आकर्षण प्रबळ असते. मीठ, साखर, बर्फ, धातू अशा स्फटिकी स्थायूंमध्ये कणांची रचना नियमित असून त्या रचनेस स्फटिक जालक म्हणतात. प्रत्येक कण जालकातील आपल्या जागेभोवती सेकंदाला सुमारे १ लक्ष कोटी ते १० लक्ष कोटी वेळा कंप पावतो. या कंपनांमुळे कणांची सरासरी जागा बदलत नाही. म्हणूनच स्थायूला निश्चित आकार व निश्चित आकारमान असते.

तापमान वाढवल्यास कंपनांचा विस्तार वाढतो. कण एकमेकांजवळ येताना त्यांच्यातील प्रतिकर्षण झपाट्याने वाढते, पण दूर जाताना आकर्षण तुलनेने हळू बदलते. त्यामुळे कंपन दोन्ही बाजूंना समान राहत नाही, कणांमधील सरासरी अंतर किंचित वाढते आणि स्थायू प्रसरण पावतो. एक किलोमीटर लांबीचा मोकळा पोलादी रूळ ३०° से. ने तापल्यास त्याची लांबी सुमारे ३६ सेंटिमीटरने वाढते. या प्रसरणात अणूंचा आकार वाढत नाही. वाढते ते त्यांच्यातील अंतर.

स्थायूतील कण आपली जागा कधीच सोडत नाहीत असे मात्र नाही. जालकात काही जागा रिकाम्या असतात आणि पुरेशी ऊर्जा मिळालेला शेजारचा कण अशा रिकाम्या जागेत शिरू शकतो. ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी १८९६ मध्ये घन शिशामध्ये सोन्याचे कण शिरतात हे मोजमापाने दाखवून दिले. पोलादाचा पृष्ठभाग कठीण करण्यासाठी तप्त पोलादात कार्बन मुरवण्याची प्रक्रिया याच तत्त्वावर आधारलेली आहे.

काही स्थायूंमध्ये रेणूंमधील आकर्षण दुर्बळ असल्याने पृष्ठभागावरील रेणू द्रव न होता थेट वायुरूपात निसटतात. या क्रियेस संप्लवन म्हणतात. उघडा ठेवलेला कापूर हळूहळू नाहीसा होतो आणि कपड्यांत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या झिजत जातात, त्या संप्लवनामुळेच.

काच, डांबर, अनेक प्रकारची प्लास्टिके हे अस्फटिकी स्थायू होत. त्यांतील कणांची मांडणी द्रवासारखी अनियमित असते, पण कणांची गती स्थायूसारखी जागेभोवतीच्या कंपनांपुरती सीमित असते. असे पदार्थ एका ठरावीक तापमानाला वितळत नाहीत. ते तापमानाच्या एका पट्ट्यात क्रमाक्रमाने मऊ होत जातात.

द्रव अवस्था

द्रवामध्ये रेणू जवळजवळ स्थायूइतकेच निकट असतात. बहुतेक पदार्थ वितळताना त्यांचे आकारमान थोडेच वाढते. परंतु दूरवर टिकणारी नियमित रचना द्रवात नसते. प्रत्येक रेणू शेजाऱ्यांच्या घेऱ्यात काही काळ कंप पावतो, संधी मिळताच तेथून सरकतो आणि नव्या शेजाऱ्यांमध्ये जाऊन पोहोचतो. पाण्यामध्ये रेणूंना जोडणारे हायड्रोजन बंध सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या आसपासच्या अवधीत तुटतात व पुन्हा नव्याने जुळतात.

या गतीमुळे द्रवाचे ठळक गुणधर्म सिद्ध होतात. रेणू जागा बदलू शकत असल्याने द्रव वाहतो व पात्राचा आकार घेतो. रेणूंमध्ये मोकळी जागा अल्प असल्याने द्रव सहजासहजी दाबला जात नाही. पृष्ठभागावरील रेणूंना आतल्या बाजूला अधिक ओढ असते आणि त्यातून पृष्ठताण निर्माण होतो. वाहण्यास होणाऱ्या विरोधास श्यानता म्हणतात. तापमान वाढले की रेणूंना शेजाऱ्यांच्या घेऱ्यातून निसटणे सोपे जाते व श्यानता घटते. तेल तापवल्यावर पातळ होते ते यामुळेच. उलटपक्षी थंडीत गती मंदावते आणि रेणू एकमेकांत बांधले जाऊ लागतात. खोबरेल तेल सुमारे २४° से. च्या आसपास थिजते, म्हणून महाराष्ट्रातील अनेक घरांत हिवाळ्यात तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते.

बाष्पीभवन

द्रवातील सर्व रेणूंचा वेग सारखा नसतो. पृष्ठभागाजवळचे जे रेणू सरासरीहून बरेच वेगवान असतात ते शेजाऱ्यांच्या आकर्षणावर मात करून हवेत निसटतात. या क्रियेस बाष्पीभवन म्हणतात व ते उत्कलनबिंदूच्या खालीही कोणत्याही तापमानाला चालू असते. वेगवान रेणू निघून गेल्यामुळे मागे राहिलेल्या रेणूंची सरासरी ऊर्जा कमी होते, म्हणजेच द्रव थंड होतो.

पाण्याचे वेगळेपण

बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेला असतो. या रचनेत पोकळ्या बऱ्याच असतात. बर्फ वितळताना ही रचना ढासळते आणि रेणू अधिक दाटीने बसतात. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत द्रव अवस्था स्थायूपेक्षा अधिक घन ठरते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते व बर्फ पाण्यावर तरंगते. थंड प्रदेशांतील तळी वरून गोठतात. बर्फाखालचे पाणी द्रव राहते व जलचर जगू शकतात.

वायू अवस्था

वायूमध्ये रेणूंमधील सरासरी अंतर त्यांच्या व्यासाच्या अनेक पट असते. सामान्य हवेत ते सुमारे दहापट भरते. इतक्या अंतरावर आकर्षणाचा प्रभाव नगण्य असतो. म्हणून वायूला स्वतःचा आकार नसतो व आकारमानही नसते. तो मिळेल ती सर्व जागा व्यापतो. १००° से. ला १ मिलिलिटर पाण्याची वाफ झाल्यास ती सामान्य दाबाखाली सुमारे १,७०० मिलिलिटर जागा व्यापते.

२०° से. तापमानाला नायट्रोजनच्या रेणूचा वेग (वर्गमध्यमूळ वेग) सेकंदाला सुमारे ५११ मीटर, ऑक्सिजनचा ४७८ मीटर, कार्बन डायऑक्साइडचा ४०८ मीटर व हायड्रोजनचा सुमारे १,९०० मीटर असतो. रेणू जितका हलका तितका त्याचा वेग अधिक. हवेतील ध्वनीचा वेग (२०° से. ला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर) याच परिमाणाचा असणे हा योगायोग नाही. ध्वनीचा क्षोभ रेणूंच्या टकरींमधूनच पुढे सरकत असल्याने तो रेणूंपेक्षा वेगाने जाऊ शकत नाही.

पात्राच्या भिंतींवर होणाऱ्या रेणूंच्या अगणित आघातांचा एकत्रित परिणाम म्हणजे वायूचा दाब. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्यास आघात करणाऱ्या रेणूंची संख्या वाढते व दाब वाढतो. तापवल्यास आघात अधिक जोरदार व अधिक वारंवार होतात, त्यामुळेही दाब वाढतो.

वायूचा रेणू फार अंतर विनाअडथळा जाऊ शकत नाही. सामान्य हवेत दोन टकरींदरम्यान तो सरासरी सुमारे ०.०७ मायक्रोमीटर इतकेच अंतर कापतो. या अंतरास सरासरी मुक्त पथ म्हणतात. एका सेकंदात एका रेणूच्या सुमारे ७०० कोटी टकरी होतात.

तीन अवस्थांची तुलना

| गुणधर्म | स्थायू | द्रव | वायू |
|---|---|---|---|
| रेणूंमधील अंतर | अत्यल्प | अल्प | व्यासाच्या अनेक पट |
| मांडणी | बहुधा नियमित | केवळ शेजारापुरती नियमित | अनियमित |
| प्रमुख गती | जागेभोवती कंपन | कंपन व सरकणे | मुक्त स्थानांतरण व घूर्णन |
| आकार | निश्चित | पात्राप्रमाणे | पात्राप्रमाणे |
| आकारमान | निश्चित | निश्चित | अनिश्चित |
| दाबल्यास | जवळजवळ आकुंचन नाही | अत्यल्प आकुंचन | सहज आकुंचन |
| विसरण | अतिशय मंद | मंद | जलद |

अवस्थांतर

स्थायूला उष्णता दिल्यास कंपने वाढत जातात. कंपनांचा विस्तार कणांमधील अंतराच्या साधारण एक-दशांश झाला की जालक टिकू शकत नाही व पदार्थ वितळतो, असा निकष फ्रेडरिक लिंडेमान यांनी १९१० मध्ये मांडलेल्या कल्पनेवर आधारलेला आहे.

वितळताना किंवा उकळताना उष्णता दिली जात असूनही तापमान वाढत नाही. या वेळी दिलेली ऊर्जा रेणूंचा वेग वाढवण्यात नव्हे, तर त्यांच्यातील बंध सैल करण्यात किंवा तोडण्यात खर्च होते. तापमापकावर न दिसणाऱ्या या उष्णतेस अप्रकट उष्मा म्हणतात. ०° से. चे १ ग्रॅम बर्फ वितळवण्यास सुमारे ३३४ ज्यूल, ते पाणी १००° से. पर्यंत तापवण्यास सुमारे ४१८ ज्यूल आणि त्याची वाफ करण्यास सुमारे २,२५७ ज्यूल ऊर्जा लागते. एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग रेणूंना एकमेकांपासून पूर्णपणे विलग करण्यात जातो. हीच ऊर्जा वाफेचे पुन्हा पाणी होताना बाहेर पडते. म्हणून १००° से. ची वाफ त्याच तापमानाच्या पाण्यापेक्षा अधिक भाजते.

द्रवाचा बाष्पदाब बाहेरील दाबाइतका झाला की द्रवाच्या अंतर्भागातही बुडबुडे तयार होऊ शकतात, यालाच उकळणे म्हणतात. दाब कमी असल्यास ही स्थिती कमी तापमानाला येते. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर येथे पाणी साधारण ९५° ते ९६° से. ला उकळते. प्रेशर कुकरमध्ये याच्या उलट घडते: वाढलेल्या दाबामुळे पाणी सुमारे १२०° से. पर्यंत द्रव राहते व अन्न लवकर शिजते.

०.०१° से. तापमान व सुमारे ६१२ पास्कल दाब असताना बर्फ, पाणी व वाफ एकत्र समतोलात राहतात. या स्थितीस पाण्याचा त्रिक बिंदू म्हणतात. येथे वरवर सर्व स्थिर दिसले तरी प्रत्येक क्षणी असंख्य रेणू एका अवस्थेतून दुसरीत जातात व तेवढेच परत येतात.

विसरण

रेणूंच्या यादृच्छिक गतीमुळे एखादा पदार्थ अधिक संहत भागाकडून कमी संहत भागाकडे आपोआप पसरतो, त्यास विसरण म्हणतात. स्थिर पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकल्यास जांभळा रंग न ढवळताही हळूहळू सर्वत्र पसरतो. गरम पाण्यात हे अधिक लवकर घडते. विसरणाचे गणिती नियम आडोल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडले.

वायूचे रेणू बंदुकीच्या गोळीच्या वेगाशी तुलना करता येईल अशा वेगाने धावत असतील, तर खोलीच्या एका कोपऱ्यातील वास दुसऱ्या कोपऱ्यात क्षणार्धात का पोहोचत नाही, असा आक्षेप डच शास्त्रज्ञ बाइस बालॉट यांनी घेतला होता. त्याचे उत्तर रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८५८ मध्ये सरासरी मुक्त पथाच्या कल्पनेने दिले. रेणू वेगवान असला तरी टकरींमुळे त्याची दिशा सतत बदलते आणि पुष्कळ अंतर धावूनही तो मूळ जागेपासून फार दूर जात नाही. अशा भ्रमणात गाठलेले अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चौपट वेळ दिल्यास अंतर दुपटीनेच वाढते. सामान्य हवेत एखादा रेणू एका सेकंदात मूळ जागेपासून सरासरी सुमारे एक सेंटिमीटर, तर एका तासात सुमारे ६० ते ७० सेंटिमीटर दूर जातो. पाण्यातील रेणू सेकंदात केवळ ०.१ मिलिमीटरच्या आसपास व संपूर्ण दिवसात ३ ते ४ सेंटिमीटर सरकतो. घरात उदबत्तीचा सुगंध याहून पुष्कळ लवकर दरवळतो, तो प्रामुख्याने हवेच्या झोतांमुळे.

संकल्पनेचा इतिहास

पदार्थ सूक्ष्म कणांचा बनलेला असावा ही कल्पना प्राचीन भारतातील वैशेषिक दर्शनात तसेच ग्रीक विचारवंत डेमॉक्रिटस यांच्या मतांत आढळते. या मांडणीचे स्वरूप तत्त्वज्ञानाचे होते; तिला प्रयोगांचा किंवा मोजमापाचा आधार नव्हता. वायूचा दाब हा कणांच्या आघातांमुळे निर्माण होतो असे गणिती विवेचन डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ मध्ये केले, परंतु पुढे सुमारे शंभर वर्षे ते दुर्लक्षितच राहिले.

वॉटरस्टन यांचा निबंध

या इतिहासातील एक प्रकरण मुंबईशी निगडित आहे. स्कॉटिश अभियंते जॉन जेम्स वॉटरस्टन हे मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदल प्रशिक्षणार्थींना शिकवीत असत. तेथूनच त्यांनी १८४५ मध्ये वायूंच्या रेणूंच्या गतीविषयीचा एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. वायूचे तापमान रेणूंच्या वेगाच्या वर्गाशी निगडित असते, तसेच वेगवेगळ्या वायूंच्या मिश्रणात वेगाच्या वर्गाची सरासरी रेणूच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे त्यांनी त्यात प्रतिपादन केले होते. परीक्षकांनी निबंध निरर्थक ठरवला. तो प्रसिद्ध झाला नाही आणि सोसायटीच्या नियमानुसार परतही मिळाला नाही. वॉटरस्टन यांच्यापाशी त्याची प्रत नव्हती. हेच निष्कर्ष पुढे इतरांनी स्वतंत्रपणे काढले. वॉटरस्टन १८८३ मध्ये निवर्तले. त्यानंतर लॉर्ड रॅले यांना तो निबंध सोसायटीच्या दप्तरात सापडला व त्यांनी तो १८९२ मध्ये प्रसिद्ध केला. निबंध वेळीच प्रकाशित न झाल्यामुळे या विषयाची प्रगती दहा-पंधरा वर्षांनी लांबली असावी, असे मत रॅले यांनी त्याच्या प्रस्तावनेत नोंदवले.

क्लॉसियस, मॅक्सवेल व बोल्ट्समन

क्लॉसियस यांनी १८५७ मध्ये उष्णता हा गतीचाच एक प्रकार आहे ही भूमिका सविस्तर मांडली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वायूतील किती रेणू कोणत्या वेगाचे असतील हे सांगणारा नियम दिला. वायूची श्यानता, द्रवाच्या उलट, तापमानासोबत वाढते आणि दाबावर जवळजवळ अवलंबून नसते, हे त्यांच्या सिद्धांतातून निघालेले अनपेक्षित भाकीत पुढे प्रयोगांनी खरे ठरले. लुडविग बोल्ट्समन यांनी या विचाराला व्यापक रूप दिले.

तरीही रेणू प्रत्यक्ष दिसत नसल्यामुळे त्यांचे अस्तित्व मानावे की नाही, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालला. एर्न्स्ट माख व व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ड यांच्यासारखे मातब्बर शास्त्रज्ञ रेणूंना केवळ सोयीची कल्पना मानत. दीर्घकाळ मानसिक अस्वास्थ्याने ग्रासलेल्या बोल्ट्समन यांनी ५ सप्टेंबर १९०६ रोजी दुइनो येथे आपली जीवनयात्रा संपवली. रेणूंचे अस्तित्व सर्वमान्य झालेले पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

ब्राउनीय गती व प्रत्यक्ष पुरावा

वादाचा निर्णय ज्या पुराव्याने लागला तो फार पूर्वीच नोंदला गेला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांना १८२७ मध्ये परागकणांतील सूक्ष्म कण पाण्यात अखंड वेडेवाकडे हलताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. ही हालचाल सजीवत्वाची खूण असावी अशी शंका येणे स्वाभाविक होते. परंतु खनिजांच्या चूर्णातील कणही तसेच हलतात हे ब्राउन यांनी दाखवले. अल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये व मारियान स्मोलुखोव्हस्की यांनी १९०६ मध्ये या हालचालीची गणिती मीमांसा केली. कणावर सर्व बाजूंनी होणारे पाण्याच्या रेणूंचे आघात क्षणोक्षणी असमान असल्यामुळे कण हेलकावे खातो. झाँ पेरँ यांनी १९०८ पासून केलेल्या काटेकोर मोजमापांतून हा सिद्धांत पडताळला गेला व रेणूंची संख्याही काढता आली. त्यानंतर ओस्टव्हाल्ड यांनीही रेणूंचे अस्तित्व मान्य केले. पेरँ यांना १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ओटो स्टर्न यांनी १९२० मध्ये तप्त चांदीच्या वाफेतील अणूंचा वेग प्रत्यक्ष मोजला.

अन्य अवस्था

आयनद्रायू (प्लाझ्मा): अतिशय उच्च तापमानाला टकरी इतक्या जोरदार होतात की अणूंमधून इलेक्ट्रॉन विलग होतात. सूर्य व इतर तारे मुख्यतः या अवस्थेत आहेत. विजेच्या लोळातही ही अवस्था क्षणभर निर्माण होते.

द्रव स्फटिक: यातील लांबट रेणू द्रवाप्रमाणे सरकतात, परंतु त्यांची दिशा बहुतांशी सारखी राहते. घड्याळे, गणकयंत्रे व दूरचित्रवाणीचे पडदे यांत त्यांचा उपयोग होतो.

अतिक्रांतिक प्रवाही: क्रांतिक बिंदूच्या वरचे तापमान व दाब असताना द्रव व वायू यांतील भेद नाहीसा होतो. पाण्यासाठी हा बिंदू सुमारे ३७४° से. व कार्बन डायऑक्साइडसाठी सुमारे ३१° से. आहे.

बोस-आइनस्टाइन संघनित: सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ मधील कार्यावर आधारित अशा या अवस्थेचे भाकीत आइनस्टाइन यांनी केले. केवल शून्याच्या अत्यंत निकट असंख्य अणू एकाच पुंजस्थितीत येतात. १९९५ मध्ये एरिक कॉर्नेल व कार्ल वीमन यांनी रुबिडियमच्या अणूंपासून ती प्रथम सिद्ध केली.

केवल शून्यालाही सर्व हालचाल थांबत नाही. पुंजयामिकीनुसार कणांमध्ये किमान काही ऊर्जा शिल्लक राहते. हेलियम याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या अणूंमधील आकर्षण इतके क्षीण आहे की ही उरलेली हालचालच त्याला गोठू देत नाही. सामान्य दाबाच्या सुमारे २५ पट दाब दिल्याशिवाय हेलियम स्थायू होत नाही.

व्यवहारातील उदाहरणे

माठातील पाणी: मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होते व आतील पाणी थंड होते. हवेत आधीच बाष्प अधिक असल्यास निसटलेल्या रेणूंपैकी पुष्कळ परत येतात व थंडावा कमी मिळतो. म्हणून विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात माठ व कूलर परिणामकारक ठरतात, तर कोकणच्या दमट हवेत त्यांचा तितकासा उपयोग होत नाही.

स्वयंपाकाचा गॅस: या गॅसला स्वतःचा तीव्र वास नसतो. गळती ध्यानात यावी म्हणून त्यात उग्र वासाचे संयुग मिसळतात. त्याचे रेणू हवेत पसरून धोक्याची सूचना देतात.

युरेनियमचे समृद्धीकरण: हलके रेणू सूक्ष्म छिद्रांतून किंचित जलद पार होतात, या थॉमस ग्रॅहम यांच्या नियमाचा उपयोग युरेनियमची समस्थानिके वेगळी करण्यासाठी केला गेला. त्यांच्या हेक्साफ्लोराइडांच्या वेगांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक असल्यामुळे ही क्रिया असंख्य वेळा करावी लागते.

ग्रहांचे वातावरण: पृथ्वीवरून निसटण्यास सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. वातावरणाच्या वरच्या तप्त थरांत हायड्रोजन व हेलियमचे काही कण हा वेग गाठून अवकाशात जातात; नायट्रोजन व ऑक्सिजन टिकून राहतात. चंद्रावर हा वेग केवळ २.४ किलोमीटर असल्याने त्याला दाट वातावरण राखता आले नाही.

प्रचलित गैरसमज

स्थायूतील रेणू स्थिर असतात: ते सतत कंप पावत असतात.

तापवल्यावर रेणू फुगतात: रेणूंचा आकार जवळजवळ तेवढाच राहतो, त्यांच्यातील सरासरी अंतर वाढते.

उकळत्या पाण्यातील बुडबुडे हवेचे असतात: पाणी तापू लागताच दिसणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात, उकळतानाचे मोठे बुडबुडे पाण्याच्या वाफेचे असतात.

वायूच्या रेणूंमध्ये हवा असते: हवा हीच रेणूंची बनलेली आहे. दोन रेणूंमधील जागा रिक्त असते.

रेणू थंड किंवा गरम असतो: तापमान हा असंख्य रेणूंच्या समूहाचा गुणधर्म आहे. एकट्या रेणूला वेग असतो, तापमान नसते.

हेही पहा

पदार्थाच्या अवस्था
ब्राउनीय गती
विसरण
अप्रकट उष्मा
केवल शून्य
पृष्ठताण